रोम १३ तारखेला येतंय, नगरसेवक कधी येणार?

मंडळी, या आठवड्यात दोन तारखा आहेत. मंगळवारी ११ नोव्हेंबर २०२५ ला मुंबई महापालिकेच्या २२७ प्रभागांची आरक्षण सोडत. आणि गुरुवारी १३ नोव्हेंबरला ‘अ‍ॅनो ११७ : पॅक्स रोमाना’ नावाचा एक कॉम्प्युटर गेम बाजारात येतोय. पहिल्या तारखेकडे आपल्या भागातले सगळे इच्छुक डोळे लावून बसलेत. दुसऱ्या तारखेकडे मी आणि मुलुंडचा माझा भाचा. त्याचा परवा मेसेज आला, “मामा, तुझा रोम येतोय. ग्राफिक्स कार्ड आहे का?”

नाही. पण वाट बघायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पंचेचाळिशीच्या पत्रकाराने प्रभागरचना, पाणी, रस्ते सोडून गेमवर का लिहावं? थोडा धीर धरा. हे सगळं पाणी आणि रस्त्यांबद्दलच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या काळातलं शहर वसवायचे गेम असतात. यात मारामारी कमी, नगररचना जास्त. तुम्ही गव्हर्नर. रिकामी जमीन मिळते. रस्ते टाका, पाणी आणा, धान्याची कोठारं बांधा, बाजार, देऊळ, दवाखाना द्या. लोक येतात, राहतात, नाही पटलं तर निघून जातात. या घराण्यातला सगळ्यात गाजलेला ‘सीझर ३’, १९९८ सालचा. मग १९९९ मध्ये इजिप्तवरचा ‘फॅरो’, २००० मध्ये ग्रीसचा ‘झ्यूस’, त्याची पुरवणी ‘पोसायडन’ आणि २००२ मध्ये चीनवरचा ‘एम्परर’. हे बनवणारी ‘इम्प्रेशन्स गेम्स’ २००४ मध्ये बंद पडली. २००६ ला दुसऱ्यांनी ‘सीझर ४’ काढला आणि ती गादी रिकामी झाली. २०२३ मध्ये ‘फॅरो’ नव्या रंगात परत आला, पण तो जुनाच खेळ. बाकी चाहत्यांनी आपापल्या वेळात ‘सीझर ३’चं इंजिन पुन्हा लिहून काढलं, त्याला ‘ज्युलियस’ आणि ‘ऑगस्टस’ अशी नावं दिली आणि फुकट वाटलं. पंचवीस वर्षांपूर्वीचा खेळ लोक अजून दुरुस्त करत बसलेत, यावरून ओढ कळेल.

‘अ‍ॅनो’ हे वेगळं घराणं. तेही १९९८ चंच, ‘१६०२’पासून सुरू झालेलं. यांची एक गंमत आहे. प्रत्येक भागाच्या सालाची बेरीज नऊ. १६०२, १५०३, १७०१, १४०४, १८००, सगळे नऊ. आता ११७. म्हणजे सम्राट ट्रेजन वारला ते वर्ष, रोमन साम्राज्याचा नकाशा सगळ्यात मोठा होता तेव्हाचं. हे घराणं पहिल्यांदाच प्राचीन काळात जातंय. इटलीतलं लॅटियम किंवा ब्रिटनमधलं अल्बियन, यातला प्रांत निवडायचा आणि गव्हर्नर व्हायचं. म्हणजे सीझरच्या रिकाम्या गादीवर जर्मनीच्या माइन्झ शहरातले लोक बसतायत. म्हणून आमच्यासारख्यांची एवढी धडधड.

मी मूळचा चिपळूणचा. २००१ मध्ये पत्रकारितेचा डिप्लोमा करायला मुंबईत आलो आणि बोरिवलीला मावशीकडे राहिलो. स्टेशनच्या पश्चिमेला एका गाळ्यात सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये. बाकी पोरं एकमेकांवर गोळ्या झाडायची. मी कोपऱ्यातल्या मशीनवर बसून कारंज्याला पाणी का येत नाही ते शोधत असायचो. डिप्लोमात आम्हाला बातमीचे सहा ‘क’कार शिकवले. महापालिका कशी चालते हे मात्र मला आधी त्या कोपऱ्यात कळायला लागलं, हे खरं सांगतो.

कसं ते सांगतो. ‘सीझर ३’मध्ये माणसं तंबूत राहायला येतात. जवळ नुसती विहीर असेल तर घर फार पुढे सरकत नाही. पक्कं घर व्हायला कारंजं लागतं. कारंज्याला जलाशय लागतो. जलाशय नदीकाठी आणि तिथून शहरापर्यंत उंच कमानींवरून पाण्याचा पाट आणायचा. एवढं करूनही कारंजं कोरडंच राहू शकतं, कारण त्यावर काम करायला माणसं लागतात आणि माणसं कामावर यायला जवळ वस्ती लागते. बांधकाम झालं, फीत कापली, फोटो निघाला, तरी पाणी नाही. ओळखीचं वाटतंय ना?

आणि या खेळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कुठल्याही घरावर उजवं क्लिक करा, ते घर तुम्हाला सांगतं की आपली वाढ का अडली. ‘इथे कारंजं नाही’, ‘बाजारवाली या रस्त्याने येत नाही’. रस्त्याने जाणाऱ्या माणसावर क्लिक करा, तोही बोलतो. काम नाही, खायला नाही, देव कोपलेत, जे असेल ते. गव्हर्नरला निवडणूक नाही, पण ऐकण्याची सोय आहे.

आता आपलं शहर बघा. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. विहार आणि तुळशी आपल्याच उशाला. बाकीचे पाच, म्हणजे तानसा, मोडक सागर, भातसा, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा, हे ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत. विहार १८६० चा, तानसा १८९२ चा, मध्य वैतरणा २०१४ चा. सातही भरले की साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास साठा होतो आणि रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर शहराला मिळतं. रोमन माणसाने बघितलं असतं तर त्यानेही तोंडात बोट घातलं असतं. शंभर-शंभर किलोमीटरवरून, बहुतेक उतारानेच, पाणी भांडुपला येतं आणि शुद्ध होऊन आपल्या नळाला.

पण खेळात जी नदी असते तिच्या काठी आधीपासून कोणी राहत नसतं. आपल्या नदीकाठी शहापूर आहे, मोखाडा आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या या तालुक्यांतल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतात. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण तिथे रोज जगतात. कुठल्याही गेममध्ये मी अजून हे पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट खेळात आहे, पण एका क्लिकची आहे. पाट नेताना मध्ये घरं आली तर पाडायची. पाडली की त्यातली माणसं रस्त्यावर येतात आणि दुसरीकडे जागा नसेल तर चालत चालत नकाशाच्या कडेला जाऊन नाहीशी होतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा काही वाटलं नाही. पुढे पत्रकार म्हणून तानसा जलवाहिनीच्या कडेने चाललो तेव्हा त्या क्लिकचा अर्थ कळला. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, विद्याविहार असा तो पाइप जातो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या झोपड्या सुरक्षेसाठी हटवायचा न्यायालयाचा आदेश होता आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पाण्याच्या मुख्य पाइपला धोका म्हणजे सगळ्या शहराला धोका. पण लोकांना पाठवलं कुठे? माहुलला, रिफायनऱ्यांच्या शेजारी. तिथल्या हवेबद्दल हरित लवादाने आधीच इशारा दिलेला होता. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की जबरदस्तीने माहुलला पाठवू नका, नाहीतर महिन्याला १५ हजार रुपये भाडं द्या. आपल्या नकाशालाही कडा आहे. कोणासाठी ती माहुल असते, कोणासाठी विरार, बदलापूर. माणूस तिथे नाहीसा होत नाही. पहाटेची लोकल पकडून परत इथेच कामाला येतो.

आता गव्हर्नरकडे येतो.

याआधी आपल्या महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. ७ मार्च २०२२ ला मुदत संपली. तेव्हापासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. आयुक्त तेच, प्रशासकही तेच. २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. एरवी आयुक्तांनी मांडायचं, स्थायी समितीने फाडायचं, सभागृहात दोन-चार रात्री आरडाओरडा व्हायचा, मग मंजूर. प्रशासकांच्या काळात मांडणारी खुर्ची आणि मंजूर करणारी खुर्ची एकच. यात कुणा अधिकाऱ्याच्या हेतूवर शंका नाही. बऱ्याच फायली भराभर हलल्या असंही लोक सांगतात. पण हे अगदी ‘सीझर ३’ झालं. तिथेही गव्हर्नर वरून नेमलेला असतो. त्याला चार गुण मिळतात : संस्कृती, समृद्धी, शांतता आणि सीझरची मर्जी. पहिले तीन कमी पडले तर निभावतं. मर्जी गेली की सैन्य दारात. नेमणूक जिथून होते तिकडेच तोंड राहतं, हा कुठल्याही गव्हर्नरचा स्वभाव नाही, ती रचना आहे.

आणि आपला घोळ गेमपेक्षा मोठा आहे. तिथे निदान गव्हर्नर एक असतो. इथे महापालिका, एमएमआरडीए, म्हाडा, झोपू प्राधिकरण, रेल्वे, जिल्हाधिकारी, किती गव्हर्नर मोजायचे? १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरला होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली. महापालिकेच्या नियमात जास्तीत जास्त ४० बाय ४० फूट. हे १२० बाय १२० होतं. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, म्हणून आधी काही दिवस परवानगी कोणाची यावरच चर्चा. गेममध्ये इंजिनीअर त्या रस्त्याने फिरला नाही तर इमारत कोसळते आणि कुठल्या रस्त्याने फिरला नाही ते तुम्हाला दिसतं. आपल्याकडे इंजिनीअर कोणाचा, हेच आधी ठरवावं लागतं.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या भागातल्या टेकडीवरच्या एका वस्तीत गेलो होतो. वरच्या अंगाच्या घरांना पाणी चढत नाही ही तक्रार. एका ताईंनी वही दाखवली. शाळेची, दोनशे पानी. रोज पाणी किती वाजता आलं, किती हंडे भरले, किती वाजता गेलं. चौदा महिन्यांची नोंद. मी विचारलं, वेळ तर बरोबर दिसतेय, मग धार कुठे जाते? त्या म्हणाल्या, “खालच्या गल्लीत मोटारी लावल्यात ना. सगळ्यांना माहितेय. चावीवाला बिचारा चावी फिरवून जातो, तो काय करणार?” मग म्हणाल्या, “दादा, आधी नगरसेवकाच्या दारात जाऊन बसायचो. तो खालच्यांना पण ओळखायचा, आम्हाला पण. दोन्ही बाजूंना चार शिव्या घालून वेळा वाटून द्यायचा. आता कोणाच्या दारात बसू?”

बघा, हा धरणाचा प्रश्न नाही, पाइपचाही नाही. दोन गल्ल्यांचा आहे. अ‍ॅपवर नोंदवण्यासारखी तक्रार नाही आणि मंत्रालयात नेण्याएवढी मोठी नाही. यासाठीच नगरसेवक नावाची वस्तू असते.

नगरसेवक होते तेव्हा सोन्याचे दिवस होते असं मी म्हणणार नाही. वीस वर्षं ही बीट केली आहे. टक्केवारी, वाढीव मजले, स्वतःच्या फोटोचे फ्लेक्स, निधी लादी बदलण्यात घालवणं, सगळं बघितलंय. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले तेव्हा सभागृह अस्तित्वात होतं. पण त्याला पाच वर्षांनी पाडता यायचं. दारात जाऊन बसता यायचं. ताईंच्या वहीवर उजवं क्लिक करणारा कोणीतरी होता, मनापासून असो की मतासाठी असो.

परत ११७ सालाकडे चला, कारण खरी गंमत इथे आहे. रोम जेव्हा एवढं फुगलं होतं, त्या इसवीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात आपली उपनगरं काय करत होती? ओसाड नव्हती. वरती सोपारा, म्हणजे आजचा नालासोपारा, जुनं शूर्पारक, भरभराटीचं बंदर. खाडीच्या आत कल्याण. एका ग्रीक व्यापारी खलाशाने पहिल्या शतकात तांबड्या समुद्रापासून इकडच्या बंदरांची मार्गदर्शिका लिहिली, ‘पेरिप्लस’. तिच्यात दोन्हींची नावं आहेत. आणि एक तक्रारही, की कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे व्यापारयुद्ध. सातवाहन आणि क्षत्रप कोकणच्या बंदरांसाठी भांडत होते. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात तर खुद्द पोसायडनचा ब्राँझचा पुतळा निघाला, आजही टाउन हॉल संग्रहालयात आहे. त्याच्या नावाचा गेम निघाला, पण तो ज्या देशात पोचला त्या देशावर गेम नाही.

आणि बोरिवलीला कान्हेरी. शंभराहून जास्त लेणी, आणि बघाल तिकडे दगडात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या. पावसाचं पाणी डोंगरउतारावरच्या पन्हळींनी टाक्यांत उतरवलेलं. शिलालेखात टाकीला ‘पोढी’ म्हणतात. सातवाहन राजाचं क्षत्रपाच्या मुलीशी लग्न झालं होतं, हे इतिहासाला कशावरून कळलं? कान्हेरीच्या एका टाकीवरच्या लेखावरून. दोन वैरी घराण्यांची सोयरीक पाण्याच्या टाकीवर लिहून ठेवली आहे, आणि आपण तिथे वडापाव खाऊन परत येतो.

नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. वाचताना मला सरळ गेमचा मेनू दिसतो. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या. विहिरी, तळी, बागा. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट होड्या, काठावर पाणपोया. मग तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले, दोन हजार महिना एक टक्का व्याजाने, एक हजार पाऊण टक्क्याने, आणि त्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रं. मुद्दल मोडायचं नाही. काय हिशेब आहे!

पण त्या लेखात पुढे एक गोष्ट येते, तिथे मी दर वेळी थांबतो. हे सगळं दान ‘निगमसभेत’ ऐकवलं आणि नोंद केली, असं त्यात म्हटलंय. राज्य करणाऱ्या क्षत्रपाचा जावई. त्याला विचारणारं कोण होतं? तरी पैसे कुठे ठेवले, किती टक्क्यांनी, कशासाठी, हे नगराच्या सभेत वाचून दाखवायची रीत होती. ती सभा आजच्यासारखी निवडून आलेली होती असं अजिबात नाही, श्रेष्ठी-व्यापाऱ्यांची असणार. पण सभा होती. ‘निगम’ शब्द तिथला. शेजारच्या हिंदी राज्यांत आजही महापालिकेला नगर निगमच म्हणतात.

म्हणून माझी खरी प्रतीक्षा १३ तारखेपुरती नाही. ‘अ‍ॅनो ११७’ मी भाच्याच्या मशीनवर खेळेनच, आणि चांगलाही असेल. पण त्याच्या पुढचा भाग मला शूर्पारकाचा हवाय. रोम झालं, इजिप्त झालं, ग्रीस, चीन झालं. भारत अजून रिकामा आहे. त्यात पावसाळा हवा, चार महिन्यांत वर्षाचं पाणी साठवायचं गणित हवं. नाणेघाटातून बैलांचे तांडे आणि तो जकातीचा रांजण हवा. खाडीत भरती-ओहोटी हवी. नदी वळवली तर वरच्या गावाची कोरड दिसायला हवी. घर पाडलं तर माणूस नकाशाबाहेर नाहीसा न होता रोज तीन तास चालत कामावर यायला हवा. आणि गव्हर्नरला प्रत्येक खर्च निगमसभेत वाचावा लागेल अशी अट हवी. पुण्या-मुंबईत गेम बनवणारी हुशार पोरं आहेत. परदेशी कंपनीची वाट का बघायची? कोणीतरी मनावर घ्या रे.

तोवर आपला खेळ चालू आहेच. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ पर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका उरकायला सांगितलंय. मंगळवारी सोडत निघाली की कोणाचा प्रभाग महिलांसाठी, कोणाचा ओबीसींसाठी, यावर चहाच्या टपऱ्या रात्रभर तापतील. अमक्याचा पत्ता कट, तमक्याच्या बायकोला तिकीट. बातम्या आम्हीही त्याच करू. पण दारात उमेदवार येतील तेव्हा त्यांना जात-पक्षाच्या पलीकडचं काही विचारा. आपल्या प्रभागात पाणी किती वाजता येतं आणि शेवटच्या घराला किती दाबाने, हे त्यांना माहीत आहे का? धोकादायक इमारतींची यादी पाठ आहे का? पुनर्विकासात भाडेकरू कुठे जाणार? साडेतीन वर्षांत आपल्या भागात झालेला खर्च ते सभागृहात वाचायला लावणार का?

टेकडीवरच्या त्या ताईंना मी सांगितलंय, वही जपून ठेवा. उमेदवार आला की आधी वही त्याच्या हातात द्या, हार नंतर. तुमच्याकडेही अशी वही असेल, नसली तर उद्यापासून घाला. पाण्याची वेळ, दाब, तारीख. निकालानंतर ज्याची-त्याची वही घेऊन आपण जो निवडून येईल त्याच्या दारात जाऊन बसू. चहा माझ्याकडून.